नदीकाठी बोअर मारताना : आधीचे पाणी आणि नंतरचे पाणी



नदीवर पूल व्हायचा ठरला म्हणजे गावात सर्वांत आधी काय येते? खडी येत नाही, सिमेंट येत नाही, गवंडीही येत नाहीत. येते ती लोखंडी नळ्यांची एक उंच तिवई. तिच्याबरोबर डिझेलचे एक इंजिन, एक पंप, लांब लांब नळ्या आणि चारपाच माणसे. ही मंडळी नदीच्या काठावर, कधी पात्रातही, भोके पाडतात. खालची माती, मुरूम, दगड वर काढतात. निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत ओळीने मांडून ठेवतात. आणि काम आटोपले की गाशा गुंडाळून निघून जातात.

तेवढ्या दिवसांत गावात दोन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो, "अहो, वीतभर भोक ते! एवढ्या मोठ्या नदीला त्यानं काय होतंय?" दुसरा म्हणतो, "बोअर मारलं आणि आमच्या विहिरीचं पाणी नासलं." दोघेही मोठ्या खात्रीने बोलतात. आणि दोघांपैकी एकानेही भोक पाडण्याआधीचे पाणी बाटलीत भरून तपासून घेतलेले नसते. आज मला जे सांगायचे आहे ते या बाटलीविषयी.

एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो. ही भोके पाडू नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला जुना पूल पुरात कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्या जागी नवा पूल उभा राहून २०१७ च्या जूनमध्ये त्यावरून वाहने सुरू झाली. पुलाचे पाय कशावर टेकणार, खाली मऊ गाळ किती आणि पक्का दगड किती खोल, हे वरून बघून कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीत उतरावेच लागते. तपासणीची रीतही साधी आहे. भोकात एक पोकळ नळी उभी करतात, तिच्यावर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकतात, आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती टोले लागले ते मोजतात. गाळात ती चारपाच टोल्यांत जाते. घट्ट मुरुमात पन्नास टोले घालूनही जात नाही. काठावर उभी राहून पोरे टोले मोजतात ना, इंजिनियरही तेच मोजत असतो!

तेव्हा भोक पाहिजेच. प्रश्न असा, की भोक पाडताना पाण्यात काय काय जाते, आणि ते ओळखायचे कसे.

काठच्या मातीत आणि वाळूत भोक पाडले की त्याच्या कडा ढासळतात. त्या धरून ठेवण्यासाठी लोखंडी नळी उतरवतात, किंवा बेंटोनाइट नावाची माती पाण्यात कालवून भोकात सोडतात. ही माती आपल्याकडे बहुतेक कच्छमधून येते. भिजली की ती फुगते आणि आंबिलीसारखी दाट होते. ही माती विष नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण ती इतकी बारीक असते की पाण्यात पडली तर लवकर खाली बसत नाही. पाणी गढूळ राहते, आणि बसते तेव्हा नदीच्या तळच्या गोट्यांमधल्या फटी बुजवून टाकते. त्या फटींत मासे अंडी घालतात, लहान किडे राहतात. गढूळ पाण्यात टी.सी.एल. पावडरही नीट काम करीत नाही, कारण गाळाच्या कणाआड जंतू लपून राहतात. या मातीखेरीज इंजिनाचे डिझेल, नळ्यांच्या आट्यांना लावलेले ग्रीस आणि भोकातून उपसलेला चिखल असतोच. डिझेलचे काही थेंब विहिरीत गेले तरी पाणी तोंडात धरवत नाही.

पाण्यासाठी मारतात त्या बोअरची गोष्ट थोडी वेगळी. त्याची गाडी मोठी. पुष्कळदा ती थेट तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली असते. तिचा हातोडा दाबलेल्या हवेवर चालतो, दगडाचे पीठ करतो आणि ते हवेच्या जोरावर भसाभस वर फेकतो. हवेबरोबर हातोड्याला थोडे वंगणही जात असते. एका रात्रीत दीडदोनशे फूट सहज! इतक्या झटपट होणाऱ्या कामात पाण्याची बाटली कोण भरणार? जागा ठरवायला मात्र सावकाश वेळ असतो. पाणाड्या हातावर नारळ उभा धरून शेतभर फिरतो, नारळ आडवा झाला की तिथे खूण करतो. त्या खुणेपासून शेजारच्या संडासाचा शोषखड्डा किती अंतरावर आहे, हे नारळाला कोणी विचारीत नाही. निदान ५० फूट तरी असावे, आणि उतार असेल तर खड्डा खालच्या अंगाला असावा.

आता जमीन पाणी कसे सांभाळते तेवढे पाहू. उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे बायका वाळूत झरा खणतात. पात्रातल्या डबक्यात शेवाळ असते, गुरे बसलेली असतात. पण चार हातांवर वाळूत खणलेल्या झऱ्यात पाणी निवळशंख लागते. का? वाळूने ते गाळले म्हणून. सावकाश पाझरताना मळ अडकून राहतो आणि पुष्कळसे जंतूही मरतात. काठची माती आणि वाळू ही आपली गाळणी आहे. भोक म्हणजे या गाळणीला पडलेले छिद्र. चहाच्या गाळणीला एक मोठे छिद्र पडले तर बाकीची जाळी शाबूत असून उपयोग काय?

दगडाच्या प्रदेशातही तेच. आपल्या पठाराचा काळा पाषाण वरपासून खालपर्यंत एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. दोन थरांच्या मध्ये कुठे तांबडी माती, कुठे भोकाभोकांचा दगड, कुठे नुसत्या फटी. १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या परिसरात पुष्कळ अभ्यास झाला, आणि पुढे गोठणे येथे शास्त्रज्ञांनी सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडले. तेव्हा हा पाषाण ओलांडून खालचा जुना खडक गाठायला एक किलोमीटरहून अधिक खाली जावे लागले. इतक्या थरांत पाणी ज्या त्या सांध्यात असते, आणि एका सांध्याचे पाणी दुसऱ्यासारखे असेलच असे नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातली मंडळी हे आम्हांपेक्षा चांगले जाणतात. तिथे खारपाण पट्टा आहे. एखाद्या थराचे पाणी गोडे आणि त्याला लागून असलेल्या थराचे मचूळ, अशा ठिकाणी दोन्हींतून आरपार गेलेले उघडे भोक त्या दोघांची गाठ घालून देते. ती गाठ नंतर सोडवता येत नाही.

तर मग परीक्षा कशी घ्यायची?

मुख्य नियम एकच : एकट्या बाटलीवरून काही कळत नाही. बाटलीला जोडीदार लागतो. एक जोडीदार काळाचा, म्हणजे भोक पाडण्याआधीचे पाणी. दुसरा जागेचा, म्हणजे कामाच्या वरच्या अंगाचे पाणी. वरच्या अंगाला कामाचा चिखल पोचत नाही, म्हणून तिथले पाणी हा आपला साक्षीदार. तिथून एक बाटली, कामाच्या खाली शंभरदीडशे पावलांवर एक, आणि गावाच्या पाणवठ्यावर किंवा जॅकवेलजवळ एक. शिवाय कामाच्या आसपासच्या पिण्याच्या विहिरी आणि हातपंप. सगळ्या बाटल्या एकाच दिवशी, साधारण एकाच वेळी भराव्यात.

समजा, काम सुरू होण्याआधी वरच्या अंगाला गढूळपणा ४ आणि खालच्या अंगाला ५ भरला. (गढूळपणा मोजण्याच्या मापाला एन.टी.यू. म्हणतात.) काम चालू असताना वर ६ आणि खाली ४० भरला, तर चिखल कामावरून येतो आहे, यात वाद नाही. पण वर १८० आणि खाली १८५ असे निघाले तर? तर वरच्या बाजूला पाऊस झाला आहे, आणि बिचाऱ्या बोअरवाल्याला धरण्यात अर्थ नाही. खालच्या अंगाची एकच बाटली भरली असती तर १८५ पाहून गावाने मोर्चा काढला असता! वरची बाटली भरायला दहा मिनिटे लागतात, पण बहुतेक तपासण्या त्या दहा मिनिटांसाठीच वाया जातात.

बाटली भरण्यातही रीत आहे. काठाला उभे राहून साचलेले पाणी घेऊ नये. जरा वाहत्या धारेत जावे. तोंड प्रवाहाकडे करावे आणि बाटली आपल्या पुढे धरावी, म्हणजे आपल्या पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जातो, बाटलीत येत नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरावी. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेली येते. ती विसळायची नाही, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, आणि वर थोडी जागा रिकामी सोडायची. ही बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. २४ तासांपुढे गेली तर तिचा भरवसा धरू नये. हातपंपाचे पाणी घेताना आधी काही मिनिटे उपसून सोडावे, नाहीतर नळीत रात्रभर राहिलेल्या पाण्याचीच परीक्षा होते. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी हवी. बिनचिठ्ठीची बाटली ओतून द्यावी.

आता शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी दोन शब्द. प्रयोगशाळा रोज काही गावात येत नाही, पण शाळा रोज भरते. दोनअडीच फूट लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, तिचे एक तोंड पांढऱ्या चकतीने बंद करा आणि चकतीवर काळी फुली काढा. नळी उभी धरून वरून पाहत पाहत हळूहळू पाणी ओता. फुली दिसेनाशी झाली की थांबा आणि पाण्याची उंची पट्टीने मोजा. पाणी जितके स्वच्छ तितकी उंची जास्त. सातवीची मुले हे उत्तम करतात, आणि वरच्या अंगाचे व खालच्या अंगाचे पाणी ताडून पाहायला एवढे पुरे आहे. एका काचेच्या बरणीत तेच पाणी भरून ठेवा आणि किती वेळात निवळते ते पाहा. साधा गाळ तासाभरात पुष्कळ बसतो, बेंटोनाइट दुसऱ्या दिवशीही तरंगत असते.

डिझेलचा वास येतो की काय अशी शंका असेल तर बाटली अर्धी भरून, बूच लावून जरा उन्हात ठेवावी, मग बूच काढून लगेच हुंगावे. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की लोक लगेच "तेल, तेल" म्हणतात. पण लोहयुक्त पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचाही तसाच पापुद्रा धरतो. त्यात काडी फिरवून पाहावे. पापुद्रा फुटून त्याचे तुकडे तुकडे झाले आणि तसेच राहिले, तर ते लोह. काडी काढल्याबरोबर झाक पुन्हा एक झाली, तर ते तेल.

पुढचे काम प्रयोगशाळेचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, काही तालुक्यांच्या ठिकाणीही आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याच्या पेटीचे शिक्षण द्यावे असे ठरले. तुमच्या गावात ती पेटी कपाटात पडून असेल तर बाहेर काढा. तिच्याबरोबर मिळणाऱ्या जंतूंच्या कुपीत पाणी भरून ठेवले आणि ते एकदोन दिवसांत काळे पडले, तर त्यात मैल्याचा अंश आला असे धरून चालावे.

आकडे हाती आले की खरी मौज आहे, कारण प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो. नुसता गढूळपणा वाढला आणि बाकी सारे जिथल्या तिथे असेल, तर तो कामाचा चिखल. पिण्याच्या पाण्यात तो १ एन.टी.यू. असावा, दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. विरघळलेले क्षार वाढले, क्लोराइड वाढले, पण जंतू नाहीत, तर खालचा मचूळ थर मिसळला असण्याचा संभव. क्लोराइड, नायट्रेट आणि जंतू तिन्ही एकदम वाढले, तर वरची घाण आत उतरते आहे. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि जंतूंच्या बाबतीत १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नसावा. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पाणी मुलांच्या दातांना आणि हाडांना घातक. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे खोल बोअरच्या पाण्यात ही पीडा आढळलेली आहे. नायट्रेट हे काही बोअरच्या चिखलातून येत नाही. ते उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून, युरियातून येते. बोअरने फक्त वाट मोकळी करून दिलेली असते. म्हणून दोष ठरवताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : घाण कोणाची, आणि वाट कोणाची?

आणि हे सारे किती दिवस पाहायचे? इथेच बहुतेकांची गफलत होते. नदी चालती असते. काम थांबले की चारआठ दिवसांत तिचे पाणी निवळते, आणि सगळे म्हणतात, झाले, संपले. विहिरीचे तसे नाही. जमिनीतले पाणी मुंगीच्या पावलांनी चालते. आज भोकात उतरलेली घाण दोनशे फुटांवरच्या विहिरीत पोचायला महिने लागू शकतात, आणि फट सरळ असेल तर दोन दिवसही पुरतात. तेव्हा नदीचे पाणी काम चालू असताना रोज पाहावे. विहिरींचे पाणी कामाआधी निदान दोनदा, काम संपल्यावर आठवड्याने, महिन्याने, आणि पहिला मोठा पूर ओसरल्यावर तपासावे. ही पुरानंतरची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते.

कारण उघड्या राहिलेल्या भोकाचा खरा धोका पुरातच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत शिरल्या, तेव्हा शेतातल्या विहिरी आणि बोअर पाण्याखाली गेले. गटारे, उकिरडे, गोठे, सगळ्यांवरून फिरलेले ते पाणी जिथे तोंड उघडे सापडेल तिथे सरळ आत उतरते. गाळणी नाही, पाझर नाही. वरून थेट खाली.

म्हणून तिवई हलण्याआधी गावाने एक गोष्ट पाहावी : भोक बुजवले का? वर दोन घमेली माती लोटून पाय दिला, याला बुजवणे म्हणत नाहीत. तळापर्यंत नळी सोडून सिमेंट आणि बेंटोनाइटचा काला खालून वर भरत आणावा लागतो. नदी गढूळ करणारी तीच माती इथे फुगून भोक असे गच्च बंद करते की पाण्याला वाट राहत नाही! कोरड्या आणि टाकून दिलेल्या बोअरबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट सांगितले आहे : ते तळापासून जमिनीपर्यंत भरून काढावेत, बोअर घेण्याआधी पंधरा दिवस लेखी कळवावे, आणि चालू बोअरच्या नळीभोवती सिमेंटचा ओटा असावा. लहान मुले बोअरमध्ये पडून जाऊ लागली म्हणून हे आदेश निघाले. पण जो ओटा मुलाला वाचवतो तोच पाण्यालाही वाचवतो.

कामावरच्या माणसांना पहिल्याच दिवशी भेटावे, भांडायला नव्हे, विचारायला. चिखलाचा खड्डा कुठे घेणार? तो नदीकडच्या उताराला नको, शेताकडे आत असावा, आणि त्याला नाल्याकडे वाट नसावी. इंजिनाखाली पत्रा किंवा भुसा टाकणार का? भोक कशाने बुजवणार? आमचा अनुभव असा, की हे प्रश्न आधी विचारले तर बहुतेक मुकादम सरळ उत्तर देतात आणि कामही जपून करतात. काम झाल्यावर विचारले की ते दुसऱ्या गावी गेलेले असतात.

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक जाड वही घालावी. पहिल्या पानावर नदीचा वाकडातिकडा का होईना नकाशा, त्यावर विहिरी, हातपंप, शोषखड्डे आणि नवी भोके. पुढे तारीखवार नोंदी : फुलीची उंची, वास, रंग, आदल्या दिवशीचा पाऊस, प्रयोगशाळेचे आकडे. पूल व्हायचा नसला तरी वही आत्ताच सुरू करता येते; मे महिन्यात पाणी खोल गेलेले असताना एकदा, पुराच्या दिवसांत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा अशा नोंदी दोन वर्षे राहिल्या, म्हणजे आपल्या विहिरीचे पाणी एरवी कसे असते ते कळते. मग जेव्हा ती तिवई काठावर उभी राहील, तेव्हा आधीची बाटली तुमच्याजवळ असेल. प्रत्येक नोंदीखाली पाणी भरणाऱ्याने सही करावी, आणि मुलांनी भरले असेल तर मुलांनीच करावी.